पुसलेल्या स्टिकरवरची पंचवीस अक्षरे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा गावभागातले माझे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची जुळणी करण्याचे दुकानही पाण्यात होते. पुराची हकिकत मी येथे सांगणार नाही. माझ्यापेक्षा कितीतरी अधिक गमावलेल्या माणसांनी ती सांगितलेली आहे. त्या पुरातून वाचलेल्या एका जुन्या संगणकावर पुन्हा विंडोज बसवताना लायसन्स कीचे, म्हणजे परवान्याच्या पंचवीस अक्षरांचे जे त्रांगडे झाले आणि ते सोडवण्यात जवळजवळ दहा दिवस गेले, तेवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

हा संगणक मी २०११ मध्ये घेतला. त्याआधीची माझी सगळी यंत्रे सुट्या भागांतून जुळवलेली, म्हणजे बाजारात ज्याला असेंबल्ड म्हणतात तशी होती आणि त्यांवरचे विंडोज कोठून आले हे कोणी विचारत नसे. या वेळी मात्र एका मोठ्या कंपनीचा तयार संगणक, पक्क्या बिलासह आणि ‘ऑरिजिनल’ विंडोज ७ होम बेसिकसह घेतला. होम बेसिक ही आवृत्ती भारतासारख्या विकसनशील बाजारपेठांपुरतीच काढलेली, थोडी स्वस्तातली होती. पत्रिका, पावतीपुस्तके आणि अहवाल जुळवायला ती पुरेशी होती.

नवा लॅपटॉप माझ्याकडे होता आणि तो विश्रामबागेतल्या घरी कोरडा राहिला होता, तरीही जुन्या यंत्राचा जीव वाचवणे भाग होते. वीस वर्षांतली माझी कामे पेजमेकर या पानजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींत आहेत आणि त्यांतला मराठी मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेला आहे. तो फाँट आणि त्याचा कळफलक ज्या सॉफ्टवेअरमुळे चालतो, त्याला एक डोंगल, म्हणजे परवान्याची खूण म्हणून संगणकाला जोडायचे छोटे उपकरण लागते. माझे डोंगल जुन्या पद्धतीचे, प्रिंटरच्या रुंद पोर्टला लावायचे आहे आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण विंडोजला ओळखू देणारा प्रोग्राम, फक्त ३२-बिट विंडोजवर चालतो. लॅपटॉपला असले पोर्ट नाही आणि त्यावरचे विंडोजही ६४-बिट आहे. त्यामुळे दरवर्षी किरकोळ बदल करून छापायची मंडळांची पावतीपुस्तके पुन्हा पहिल्यापासून टंकायची, नाहीतर हे यंत्र उभे करायचे, असे दोनच मार्ग होते. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. अनेक मंडळांनी त्या वर्षी साधेपणाने उत्सव करायचे ठरवले होते, पण पावत्या सर्वांनाच हव्या होत्या.

कॅबिनेट टेबलावर होते आणि पाणी टेबलाच्या वर चार बोटे चढले होते. आमच्या भागातली वीज आधीच बंद केलेली असल्यामुळे यंत्र चालू नव्हते, हे त्याचे नशीब. दुकान उघडले तेव्हा कॅबिनेटच्या आत तळाशी साबुदाण्याच्या खिरीसारखा दाट गाळ होता. सर्वांत खालच्या कप्प्यातली हार्ड डिस्क गेलेली होती. मदरबोर्डची, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किटपाटीची मात्र फक्त खालची कड भिजली होती. ती मऊ ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केली आणि पाच दिवस सावलीत, पंख्याखाली सुकवली. बाहेरचा पत्रा मी स्वतः भांडी घासायच्या हिरव्या घासणीने आणि साबणाने लख्ख केला. त्या पत्र्याच्या कडेला विंडोजचे एक लांबट, चकाकत्या पट्टीचे स्टिकर होते. मी तेही घासले. चिखल निघाला आणि त्याबरोबर शाईही निघाली. त्या क्षणी मला त्याचे काही वाटले नाही. उलट स्टिकर जागेवर टिकले याचा आनंदच झाला.

बुडालेल्या हार्ड डिस्कच्या जागी नवी १२० जीबीची एसएसडी आणली. विंडोज टाकण्यासाठी, नेहमी आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाला बोलावले. पुरानंतरच्या त्या आठवड्यात त्याला जेवायला वेळ नव्हता. तो म्हणाला, “ताई, की वगैरे शोधत बसू नका. अल्टिमेट टाकून देतो, जेन्युइन दाखवेल. तीनशे द्या.” घाई मलाही होती. मी हो म्हटले आणि पाऊण तासात निळ्या पडद्यावर विंडोज ७ अल्टिमेट सुरू झाले. संध्याकाळी डोंगलचा ड्रायव्हर बसवायला घेतला, तर तो बसेना, कारण त्या मुलाने ६४-बिट आवृत्ती टाकली होती. शिवाय ‘जेन्युइन’ दाखवण्यासाठी त्याने जी करामत केली होती ती संगणक सुरू होतानाच, विंडोजच्याही आधी, यंत्राची एक खोटी ओळख उभी करत होती. ज्याचे पैसे मी २०११ मध्ये भरले आहेत त्याचीच चोरटी प्रत मी पुन्हा तीनशे रुपयांना विकत घेतली, हे लक्षात आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. त्या मुलाला मी दोष देत नाही. आमच्याकडे ‘फॉरमॅट मारणे’ या कामात की हा भाग कधी धरलेलाच नसतो.

पुण्यात माझा भाचा संगणकाच्या क्षेत्रात आहे. रात्री त्याला फोन लावला. त्याचा पहिलाच प्रश्न असा होता : “मावशी, रिकव्हरी डिस्क बनवली होतीस का?” नव्हती बनवली. नवा असताना तो संगणक दर आठवड्याला एक चौकट दाखवून डीव्हीडी घालायला सांगत असे आणि दर आठवड्याला मी ती चौकट बंद करत असे. कंपनीने मूळ विंडोज परत बसवण्याची सोय त्याच हार्ड डिस्कच्या एका राखीव भागात ठेवलेली होती आणि ती डिस्क आता कृष्णेचे पाणी पिऊन बसली होती. ज्या कंपनीचा संगणक होता तिच्या सेवा केंद्रात विचारले, तेव्हा या मॉडेलच्या डिस्क आता देत नसल्याचे कळले. आठ वर्षांच्या यंत्राबाबत हे अपेक्षितच होते.

मग विंडोजची कोणतीतरी मूळ डिस्क मिळवणे आले. विट्याच्या माझ्या मावसभावाकडे विंडोज ७ प्रोफेशनलची ३२-बिट डीव्हीडी होती; त्याच्या कार्यालयाने ती बिलासह घेतली होती. मला वाटले होते की दुसऱ्याची डिस्क वापरणे म्हणजेच चोरी. भाच्याने तो गैरसमज काढला. डिस्कवर असतो तो केवळ माल. परवाना असतो तो कीमध्ये. त्यामुळे मावसभावाची डिस्क वापरायला हरकत नव्हती, त्याची की वापरायला होती. अडचण एवढीच होती की डिस्क प्रोफेशनलची आणि माझा परवाना होम बेसिकचा. एका आवृत्तीची की दुसऱ्या आवृत्तीला चालत नाही; महागाची स्वस्ताला नाही आणि स्वस्ताची महागाला तर नाहीच. पण त्या डीव्हीडीवर प्रत्यक्षात स्टार्टर, होम बेसिक, होम प्रीमियम, प्रोफेशनल आणि अल्टिमेट अशा पाचही आवृत्त्या असतात. ‘सोर्सेस’ नावाच्या फोल्डरमधली ‘ईआय डॉट सीएफजी’ ही इवलीशी फाइल त्यांतली एकच पुढे करते. डीव्हीडीतला सगळा माल पेनड्राइव्हवर उतरवला, ती फाइल काढून टाकली आणि त्यावरून यंत्र सुरू केले, तेव्हा पाच नावांची यादी समोर आली. पाच दुकाने एकाच शटरमागे असावीत तसा तो प्रकार होता.

होम बेसिक निवडले. कीची चौकट आली तेव्हा ती रिकामी सोडली आणि पुढे गेले. विंडोज ७ मध्ये हे चालते; की न देता ३० दिवस सर्व काही सुरळीत राहते, त्यानंतर मात्र पडद्याची पार्श्वभूमी काळी होते आणि ही प्रत अस्सल नसल्याची ओळ कोपऱ्यात येऊन बसते. म्हणजे गणपती तर निभावले असते. तरीही ज्या गोष्टीचे पैसे दिले आहेत ती पुन्हा उधारीवर का वापरायची, असा हट्ट मनाने धरला होता.

मला मोठा भरवसा होता तो एका चिठ्ठीवर. २०१४ च्या दिवाळीत भाचा आला असताना त्याने कसल्याशा लहानशा प्रोग्रामने माझ्या संगणकातली की वाचून ती एका टेक्स्ट फाइलमध्ये जपून ठेवली होती आणि ती फाइल माझ्या बॅकअपच्या डीव्हीडीवर सापडली. पंचवीस अक्षरे, पाच-पाचांचे पाच गट, स्वच्छ टंकलेले. मी ती भरली, विंडोजने ती स्वीकारली आणि मला वाटले, झाले काम. मोबाइलचे इंटरनेट जोडून सक्रिय करण्याची, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून परवाना पडताळून घेण्याची कळ दाबली, तर एक लांबलचक क्रमांक असलेली चूक दाखवली गेली : ०एक्स८००७२एफ८एफ. तासभर मी कीलाच दोष देत राहिले. मग सहज पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे लक्ष गेले. संगणकाच्या मते तो २०११ चा जानेवारी होता. मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल पाण्यात संपला होता आणि प्रत्येक वेळी वीज बंद केली की यंत्र आपल्या जन्मवर्षात परत जात होते. घड्याळच चुकलेले असेल तर समोरच्या सर्व्हरची प्रमाणपत्रे संगणकाला खरी वाटत नाहीत आणि संभाषण सुरूच होत नाही. सीआर २०३२ हा तो सेल घड्याळाच्या दुकानात मिळाला, तारीख नीट केली आणि ती चूक गेली.

त्यानंतर आली ती खरी नकारघंटा. की योग्य होती, आवृत्ती योग्य होती, तारीख योग्य होती आणि तरीही ती सक्रिय होत नव्हती. याचे कारण समजून घ्यायला मला दोन रात्री लागल्या. ते जरा सविस्तर सांगते, कारण जुन्या तयार संगणकांच्या बाबतीत सगळे येथेच अडखळतात.

मोठ्या कंपन्या कारखान्यात हजारो संगणकांवर विंडोज घालतात, तेव्हा प्रत्येकाला वेगळी की देऊन तो इंटरनेटवरून सक्रिय करत बसत नाहीत. त्या आवृत्तीच्या आपल्या सगळ्या संगणकांना मिळून त्या एकच सामाईक की वापरतात. तिच्या जोडीला मदरबोर्डवरच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये कंपनीची एक खूण कोरलेली असते आणि डिस्कवरच्या विंडोजमध्ये त्या खुणेशी जुळणारे प्रमाणपत्र ठेवलेले असते. खूण, प्रमाणपत्र आणि सामाईक की ही तिन्ही जुळली की विंडोज स्वतःला सक्रिय मानते. बाहेर कोणाला विचारत नाही. भाच्याने २०१४ मध्ये वाचली होती ती हीच सामाईक की. माझ्या बायोसमधली खूण शाबूत होती, पण प्रमाणपत्र बुडालेल्या डिस्कबरोबर गेले होते आणि मावसभावाच्या डिस्कवर ते असण्याचे कारण नव्हते. तिघांतला एक साक्षीदार नसला की उरलेल्या दोघांची साक्ष ग्राह्य नाही. ही सामाईक की इंटरनेटवरूनही सक्रिय होत नाही, नाहीतर तिच्या जोरावर गावभर विंडोज वाटता आले असते. त्यामुळे पाच वर्षे जपलेली ती फाइल या कामापुरती निरुपयोगी ठरली.

मग माझ्या एकटीच्या संगणकाची अशी की कोठे होती? ती कॅबिनेटवरच्या स्टिकरवर होती. कंपनीने ती छापून चिकटवली होती, पण प्रत्यक्षात कधी वापरलीच नव्हती. असाच प्रसंग आला तर उपयोगी पडावी म्हणून ती होती. आणि मी ती घासणीने घासली होती. “मावशी, बिलावर नंबर नसेल?” भाच्याने विचारले. बिलाची फाइल घरी होती, कोरडी होती. बिलावर संगणकाचा अनुक्रमांक होता, कर होता, दुकानाचा शिक्का होता; की नव्हती. बिलावर ती कधीच नसते.

त्या रात्री कॅबिनेट आडवे करून मी स्टिकरसमोर जमिनीवर बसले. डोळ्यांनी सरळ पाहिले तर पंचवीसपैकी तेरा-चौदा अक्षरे लागत होती. टॉर्च अगदी बाजूने, पत्र्याला टेकवून धरला, तेव्हा छपाईचे दडपण कागदावर जेथे उरले होते तेथे बारीक सावल्या पडल्या आणि आणखी काही अक्षरे उठून आली. मोबाइलवर फोटो काढून त्याचे रंग उलटे केले, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे, तेव्हा त्यांत अजून भर पडली. प्रूफ वाचण्यात आयुष्य गेले असल्यामुळे तुटक्या अक्षरावरून पूर्ण अक्षर ओळखण्याची सवय मला होतीच; फक्त येथे मागचापुढचा शब्द मदतीला नव्हता. ‘गणप’ दिसले की पुढे ‘ती’ असणार हे कळते, पण या अक्षरांना अर्थच नसतो. शेवटी एकोणीस अक्षरे निश्चित झाली आणि सहा संशयित राहिली.

पहिले संशयित अक्षर एस होते, पाच होते किंवा सहा होते. दुसरे यू किंवा व्ही. तिसरे झेड किंवा दोन. चौथे डी, ओ, क्यू किंवा शून्य. एक गोलसर कडा तेवढी उरली होती. पाचवे बी किंवा आठ. सहावे जवळजवळ गेलेलेच होते; डावीकडे उभी रेघ आणि खाली उजवीकडे जाणारा एक तिरका पाय एवढेच त्याचे अवशेष होते. अशा सगळ्या शक्यतांचा गुणाकार मी वहीवर केला आणि वही मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी भाच्याने सांगितलेल्या एका गोष्टीने ही कोंडी फुटली. विंडोज ७ च्या कीमध्ये इंग्रजीची सगळी अक्षरे आणि सगळे अंक येतच नाहीत. फक्त चोवीस चिन्हे वापरली जातात : बी, सी, डी, एफ, जी, एच, जे, के, एम, पी, क्यू, आर, टी, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय ही सतरा अक्षरे आणि २, ३, ४, ६, ७, ८, ९ हे सात अंक. स्वर एकही नाही. शून्य नाही, एक नाही, पाच नाही. एस, झेड, एल आणि एन हीसुद्धा नाहीत. एकमेकांसारखी दिसणारी चिन्हे टाळण्याचा हेतू त्यामागे स्पष्ट दिसतो आणि स्वर नसल्याने चुकून कोणताही शब्द तयार होण्याची भीतीही राहत नाही. जुळारीकाम करणाऱ्या माणसाला हे फार आवडण्यासारखे आहे. आमच्याकडे ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांनी किती पत्रिकांचे मातेरे केले आहे हे आम्हीच जाणतो.

या नियमाने पाहिले, तर पहिले अक्षर सहाच असू शकत होते, कारण एस आणि पाच यादीतच नाहीत. दुसरे व्ही, कारण यू हा स्वर. तिसरे दोन, कारण झेड नाही. चौथ्यातून ओ आणि शून्य बाद झाले, डी आणि क्यू राहिले. पाचव्यात मात्र बी आणि आठ दोन्ही वैध; सारखी दिसणारी चिन्हे टाळणाऱ्यांनी ही जोडी का ठेवली ते त्यांचे त्यांना माहीत. सहाव्यातल्या उभ्या रेघेला आणि तिरक्या पायाला जुळणारी अक्षरे दोनच, के आणि आर. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे एकूण आठ जुळण्या राहिल्या.

आठ जुळण्या तपासायला इंटरनेटचीही गरज पडली नाही. कीच्या रचनेतच तिच्या खरेपणाची अंतर्गत पडताळणी असते, त्यामुळे एक अक्षर जरी चुकले तरी विंडोज ती बाहेर कोणाला न विचारता तेथल्या तेथे अवैध ठरवते. काळ्या खिडकीत आज्ञा टंकायची, पंचवीस अक्षरे द्यायची, एंटर दाबायचे. पहिली अवैध, दुसरी अवैध. चौथ्या वेळी मी टंकताना मध्येच एक अक्षर गाळले आणि पुन्हा सुरुवात केली. सहाव्या वेळी की यशस्वीपणे बसवल्याचा संदेश आला. ते सहावे संशयित अक्षर आर होते. मी उठून पुन्हा एकदा टॉर्च लावून पाहिले, आणि आता मला तेथे आरचे पोटही दिसायला लागले, जे आदल्या रात्री अजिबात दिसत नव्हते.

तरीही काम संपले नव्हते. अशा स्टिकरवरच्या की इंटरनेटवरून सक्रिय होतीलच असे नाही. माझी झाली नाही आणि विंडोजने फोनचा मार्ग दाखवला. स्टार्टमध्ये ‘एसएलयूआय ४’ असे टंकले की देश विचारणारी चौकट येते. भारत निवडल्यावर टोल-फ्री क्रमांक आणि त्याखाली सहा-सहा अंकांचे नऊ गट, म्हणजे एकूण ५४ अंक दिसतात. हे अंक त्या यंत्राच्या भागांवरून आणि कीवरून बनलेले असतात. तेव्हा ते फोनवर द्यायचे असत, आणि पलीकडून आठ गटांत ४८ अंक मिळत ते पडद्यावर भरायचे असत.

मी फोनच्या बटणांवर अंक दाबणार आणि सासूबाई पडद्यावरून ते वाचणार, अशी कामाची वाटणी केली. शेजारच्या दुकानात गाळ काढायचे यंत्र घरघरत होते. सासूबाई निवृत्त शिक्षिका, त्यांनी पहिलाच गट खणखणीत आवाजात जोडीजोडीने वाचला : “एकोणसाठ, त्रेचाळीस, अठ्ठ्याऐंशी.” एकोणसाठ म्हणजे पाच-नऊ की सहा-नऊ याचा विचार करण्यात माझी बटणे मागे पडली आणि पलीकडच्या यंत्राने तो गट पुन्हा द्यायला सांगितले. “आई, एकेक अंक वाचा,” मी म्हटले. “एवढी पाढ्यांची सवय आहे आणि एकोणसाठ कळत नाही?” त्या म्हणाल्या, पण पुढचे आठ गट त्यांनी एकेक अंक करून वाचले. इंग्रजीत पन्नास-नऊ असा सरळ क्रम असतो आणि मराठीत साठाला एक कमी म्हणून पन्नाशीतला आकडा सांगतात. घाईच्या वेळी ही आपली गोड पद्धत फार महागात पडते, हे तेव्हा पटले.

५४ अंक गेल्यावर यंत्राने फोन एका माणसाकडे दिला. त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, की ही विंडोज किती संगणकांवर बसवलेली आहे. मी म्हटले, एकाच. पुन्हा का बसवावी लागली? मी म्हटले, पुरात हार्ड डिस्क गेली, बाकी संगणक तोच आहे. “मदरबोर्ड बदलला आहे का, मॅडम?” या प्रश्नाचे उत्तर मला नाही असे देता आले, याचे महत्त्व मला नंतर भाच्याने सांगितले. तयार संगणकाबरोबर आलेला परवाना त्या संगणकाला बांधलेला असतो आणि संगणक म्हणजे या हिशेबात मदरबोर्ड. डिस्क, रॅम, वीजपुरवठ्याचा डबा काहीही बदलले तरी चालते; मदरबोर्ड आपण होऊन बदलला की परवाना तेथेच संपतो. विंडोज टाकणाऱ्या त्या मुलाने पहिल्याच दिवशी “बोर्डपण बदलून टाकू, कशाला रिस्क” असे सुचवले होते आणि मी केवळ पैसे नव्हते म्हणून नको म्हटले होते.

त्यांनी ४८ अंक सावकाश, गटागटाने सांगितले. मी ते प्रत्येक गटानंतर परत म्हणून दाखवले. शेवटचा गट भरून पुढे गेले आणि चौकटीत हिरवी खूण आली. सासूबाईंनी “झाला का पास?” असे विचारले.

पुढचे काम नुसते वेळखाऊ होते. त्या ऑगस्टपासून विंडोज ७ चे अपडेट नव्या प्रकारच्या डिजिटल सहीने येऊ लागले होते आणि जुन्या डिस्कवरून नुकतेच बसवलेले विंडोज ती सही ओळखत नसे. त्यासाठी दोन अपडेट आधी हाताने उतरवून बसवावे लागले, मग बाकीचे रात्रभर येत राहिले. मदरबोर्डचे ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर अजून होते. डोंगल पुराच्या वेळी माझ्या पर्समध्ये होते. ते पोर्टला लावले, ३२-बिट ड्रायव्हर बसला आणि पेजमेकरमध्ये गेल्या वर्षीचे पावतीपुस्तक उघडले. वर्ष बदलले, एका मंडळाने वर्गणीच्या जागी ‘पूरग्रस्त सहाय्य निधी’ असे छापायला सांगितले होते ते बदलले, आणि २६ ऑगस्टला पहिली पुस्तके छपाईला गेली.

त्यानंतर मी केलेली पहिली गोष्ट म्हणजे ती पंचवीस अक्षरे दोन ठिकाणी लिहून ठेवली : एक हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर आणि एक बिलाच्या मागे, संशयित सहा अक्षरांखाली रेघ ओढून. विंडोज ७ मध्येच असलेल्या सोयीने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. ती त्याच यंत्रावर परत चढवली तर सक्रियतेसकट सर्व परत येते. स्टिकरवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावली. १४ जानेवारी २०२० ला, म्हणजे संक्रांतीच्या ऐन तोंडावर, विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट बंद झाली, तेव्हापासून त्या संगणकाचे इंटरनेट मी तोडून टाकले आहे. फायली पेनड्राइव्हने लॅपटॉपवर जातात आणि तेथून पीडीएफ म्हणून छपाईला.

पुढे मी आणखी एक नवा संगणक घेतला, तेव्हा सवयीने आधी त्याची पाठ, पोट, दोन्ही कडा पाहिल्या. विंडोजचे लहानसे स्टिकर होते, पण त्यावर की नव्हती. विंडोज ८ पासून तयार संगणकांची की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच ठेवलेली असते. पुन्हा बसवताना विंडोज ती आपण होऊन वाचून घेते. घासणीने जाण्यासारखे तेथे काही नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी वाढू लागले, तेव्हा दुकानातून सर्वांत आधी ते जुने कॅबिनेट निघाले. रिक्षावाल्या काकांनी नव्या संगणकाकडे बोट दाखवून “हा नाही का न्यायचा, ताई?” असे विचारले. मी म्हटले, तो दुसऱ्या खेपेला.